पुन्हा जायचं तर आधी दारातला व्हिडिओ बघ

प्रश्न थोडक्यात असा. विचारणारी मूळची निपाणीची, सध्या बंगळूरला नोकरीला. ती लिहिते: "काका, मागच्या वर्षी अमेरिकेत शंभरावर जणांच्या स्कायडायव्हिंग फॉर्मेशनच्या, म्हणजे पडता पडता एकमेकांना धरून हवेत करायच्या रचनेच्या, विक्रमाच्या प्रयत्नात मला जागा मिळाली होती. तीन दिवस जवळजवळ प्रत्येक उडीत मी माझ्या जागेवर उशिरा पोचले. चौथ्या दिवशी मला काढून बेंचवरच्या, म्हणजे राखीव, एकाला घेतलं. विक्रम तरीही झाला नाही. आता परत बोलावणं आलंय. घरचे म्हणतात, एकदा पैसे पाण्यात घातलेस तेवढे पुरे. परत जाऊ का? मी हळू पडते असं मला वाटतं, म्हणून हैदराबादच्या विंड टनेलमध्ये (खालून येणाऱ्या वाऱ्यावर तरंगायचा सराव करतात तिथे) वर्षभर वेगावर काम करायचं ठरवलंय. बरोबर आहे ना?"

तुला तू म्हणतो, माझी लेक तुझ्याहून मोठी आहे.

जाऊ का, याचं उत्तर एका अक्षरात आहे: जा. अडतोय मी तुझ्या शेवटच्या दोन वाक्यांपाशी. तू हळू पडतेस हे तुला कुणी सांगितलं? फॉर्मेशनच्या कॅप्टनने, की तुझं तूच ठरवलंस? कारण नेमकं हेच मी माझ्याबद्दल ठरवलं होतं आणि त्यापायी माझं एक अख्खं वर्ष गेलं. पैसे किती गेले ते बायकोला अजून सांगितलेलं नाही.

माझा धंदा कास्टिंगचा, बेळगावच्या उद्यमबागेत. या धंद्यात पोरगं पहिल्या महिन्यात एक गोष्ट शिकतं. ब्लो होल, म्हणजे ओतलेल्या धातूतलं हवेचं भोक, दिसतं मशीन शॉपमध्ये, टूल फिरल्यावर. ते झालेलं असतं मोल्डिंगला, वाळूत पाणी जास्त झालं तेव्हा. मशीनवर उभ्या असलेल्या पोराला शिव्या घालून भोक बुजत नाही. हे मला तीस वर्षं माहीत होतं. आकाशात गेल्यावर मात्र विसरलो.

पहिल्या वेळी आमचा प्रयत्न अमेरिकेतल्या एका राज्याच्या विक्रमाचा होता, जागतिक वगैरे नव्हे. (घरी आम्ही सांबऱ्याचे लोक कर्नाटकात की महाराष्ट्रात यावर दोन पिढ्या भांडतोय, आणि मी तिकडे भलत्याच राज्याचं नाव लावायला गेलेलो. मित्रांनी यावरून भरपूर खेचली.) मी मागच्या विमानात होतो. ट्विन ऑटर, आत वीस-बावीस माणसं, रांगेत माझा नंबर शेवटाकडे. नऊ उड्या झाल्या, त्यात मी दोनदाच वेळेत पोचलो. उरलेल्या उड्यांत माझ्यासमोर रिकामी जागा दिसायची, मी तिच्याकडे सरकत असायचो आणि सुटायची उंची यायची, म्हणजे रचना सोडून लांब जायची. पाचव्या दिवशी मला बसवलं.

घरी आलो आणि ठरवलं, मी हलका पडतो. शिशाचा पट्टा घेतला. अंगाला घट्ट बसणारा सूट शिवून घेतला. परदेशात जाऊन टनेलमध्ये तास घातले. दुसऱ्या वर्षी पहिल्याच उडीत इतक्या वेगाने गेलो की जागेपाशी थांबताच आलं नाही. फॉर्मेशनच्या पातळीखाली गेलो. खाली गेलेला माणूस काय करतो तुला ठाऊक आहे: काहीच नाही. वर चढायचं म्हणजे सगळं अंग पसरून वाऱ्यावर तरंगत राहायचं आणि बाकीचे आपल्याजवळ कधी येतात याची वाट बघायची. आणि चुकून फॉर्मेशनच्या खाली शिरलीस तर तुझ्या पाठीवरची हवा विस्कटते, वरच्याचा आधार जातो आणि तो तुझ्या अंगावर येतो. मी बाजूला राहिलो, तेवढी अक्कल होती. त्या खेपेला तिसऱ्याच दिवशी बेंचवर.

तर परत जाणं दोन प्रकारचं असतं. माझं पहिलं परत जाणं वाया गेलं, कारण मी भलतंच दुखणं बरं करून गेलो होतो.

खरं दुखणं सापडलं त्या दिवाळीत. आमच्या गल्लीत एक निवृत्त सुभेदार आहेत, टु पॅरातले, म्हणजे पॅराशूट रेजिमेंटच्या दुसऱ्या पलटणीतले. ही पलटण मूळची तिसरी मराठा, आपल्या बेळगावच्या मराठा लाइट इन्फंट्रीची. १९७१ च्या ११ डिसेंबरला आताच्या बांगलादेशात टांगाईलला हवाई छत्रीने उतरली ती हीच. सुभेदारांना माझ्या छंदाबद्दल फारसं कौतुक नव्हतं. "पगार न्हाई, पेन्शन न्हाई, आणि उडी कशाला मारतोस?" हे त्यांचं नेहमीचं. फराळाला आले होते. मी मोबाइलवर व्हिडिओ दाखवला. तो माझ्या मागच्या माणसाच्या हेल्मेटवरच्या कॅमेऱ्यातला, म्हणून विमानाच्या आतून सुरू होणारा. आम्ही सगळे असे व्हिडिओ सुरुवात पुढे ढकलूनच बघतो, फॉर्मेशन दिसायला लागतं तिथून. मीही बोटाने पुढे सरकवायला गेलो. त्यांनी माझा हात धरला.

"थांब. पयल्यापासनं लाव."

तीनदा लावायला सांगितलं. हातातली चकली तशीच. मग म्हणाले, "तू दारात उभारतोयस की रे."

मी म्हटलं, "उभारत नाही, खाली बेस, म्हणजे रचनेचा आधी जमणारा गाभा, कुठं आहे तो बघतो, मग उडी टाकतो."

"तेच म्हंतोय. आमच्यात असा उभारला असतास तर मागच्यानं लाथ घालून भायर काढला असता. दारात एक सेकंद म्हंजे खाली एक शेत."

त्यांच्या छत्र्या विमानातल्या दोरीने आपोआप उघडणाऱ्या, आमच्या मिनिटभराच्या फ्री फॉलशी (छत्री न उघडता पडण्याशी) त्यांचा संबंध आला नव्हता. पण दारातला हिशोब दोघांचा एकच. उडीच्या वेळी विमान ताशी साधारण १६० किलोमीटरने चाललेलं असतं, म्हणजे सेकंदाला ४५ मीटर. मी दारात डावा पाय टेकवून, मान खाली घालून, बेस शोधून मग निघत होतो. व्हिडिओवर मोजलं: सेकंदाला थोडं कमी. तेवढ्यात विमान चाळीस मीटर पुढे गेलेलं, आणि शिवाय माझ्या पुढचा माणूस खाली निघालेला. पुढची साखळी आता तूच लाव. अंतर जास्त, म्हणून मी तीव्र कोनात सूर मारायचो. वेग वाढला की भीती वाटायची, म्हणून लांबूनच ब्रेक लावायचो. लांबून ब्रेक लावला की उरलेलं अंतर गोगलगायीसारखं काटायचं. कॅप्टनला वरच्या कॅमेऱ्यातून काय दिसायचं? हळू येणारा माणूस. मलाही तेच वाटायचं. वाळू ओली होती दारात, आणि मी वर्षभर मशीनवाल्याला बडवत होतो.

आणखी एक वाईट गोष्ट होती. माझ्या मागे तीन माणसं होती. माझा सेकंद त्यांच्याही खात्यात जमा होत होता. त्यातल्या दोघांनी तो वर भरून काढला, एकाला नाही जमला. तो माझ्याआधी बेंचवर गेला होता. बिचारा.

म्हणून तुला सांगतो, टनेलचं बुकिंग करायच्या आधी आयोजकांकडे तुझ्या सगळ्या उड्यांचे व्हिडिओ माग. वरून काढलेले देतीलच, ते तुला उपयोगी आहेत, पण तुझ्या मागच्या आणि पुढच्या माणसाच्या हेल्मेटवरचे मिळतात का बघ. प्रत्येक उडीत चार आकडे लिहून काढ: पुढचा माणूस दारातून निघाल्यापासून तू निघेपर्यंत किती वेळ, तू सूर मारणं कधी थांबवलंस, थांबलीस तेव्हा फॉर्मेशनच्या वर होतीस की खाली, आणि किती लांब, आणि तुझ्या जागेच्या पुढचा माणूस कधी जोडला गेला. वही घे, फोनमध्ये नको. सात-आठ उड्यांचे आकडे एकाखाली एक आले की उशीर कुठे सुरू होतो ते आपोआप दिसतं.

शेवटचा आकडा लोक विसरतात. कदाचित तू उशिरा पोचतच नसशील. तुझ्या पुढच्याची जागा भरली नसेल तर तुला जोडायला हात-पाय आहे कुणाचा? तू स्टेडियममध्येच थांबायला हवं, म्हणजे तुझ्या सेक्टरमध्ये (रचनेच्या तुला नेमून दिलेल्या भागात), फॉर्मेशनपेक्षा थोडं वर आणि थोडं बाहेर, आपल्या ओळीत. खानापूरकडे रोप लावताना बायका एका ओळीत मागे मागे सरकतात, तसं आहे ते. एखादी घाईने पुढची चूड उचलून भलतीकडे रोवायला लागली तर तिचं काम लवकर होतं आणि ओळ वाकडी होते. मोठ्या फॉर्मेशनमध्ये थांबता येणं हे निम्मं कसब आहे, आणि त्याबद्दल कुणी पाठ थोपटत नाही.

टनेलबद्दल. हैदराबादला जा, जरूर जा, बंगळूरहून रात्रीच्या बसने सकाळी पोचतेस. पण टनेलमध्ये शिकता येतं ते शेवटच्या दोन मीटरचं: पातळी धरणं, हळू सरकणं, धक्का न देता पकडणं. हे फार महत्त्वाचं आहे, कारण एकाने जोरात येऊन पकड घेतली की त्याची लाट पार दुसऱ्या टोकापर्यंत जाते आणि तिकडच्या माणसाची पकड सुटते. तू सुटलेली नसतेस, म्हणून दोष तुला कळतही नाही. मात्र तीनशे मीटरवरून सूर मारून बरोबर जागी थांबणं टनेलमध्ये येत नाही, तिथे तेवढं आकाशच नाही. त्यासाठी मोठ्या फॉर्मेशनचे कॅम्प असतात, दोन-तीन विमानं एकदम उडवणारे. आपल्याकडे नारनौल, धाना, म्हैसूर अशा ठिकाणी नागरी उड्या झाल्या आहेत, पण एकामागे एक विमानं लावून सराव करायचा तर बाहेरच जावं लागतं. मुख्य प्रयत्नाच्या एक-दोन महिने आधी एक कॅम्प कर. खर्चाचं गणित करताना टनेलचे निम्मे तास कापून ते पैसे तिकडे घाल.

दाराचा सराव मात्र फुकट आहे. मी कारखान्यात अँगल आणि प्लायचं ट्विन ऑटरच्या मापाचं दार ठोकून घेतलं, जमिनीवर ऑइल पेंटने पावलं काढली. संध्याकाळी सुट्टीच्या वेळी चार पोरं पुढे-मागे उभी करायची, छातीला पाठ लावून, आणि एका हुकमावर सगळ्यांनी दाराबाहेर पडायचं. पोरांना पहिल्या दिवशी हसू आवरेना. एकाने विचारलं, "सर, हे सर्कशीचं काय हाय?" पंधरा दिवसांनी तीच पोरं मला ओरडत होती, "सर, थांबला! परत थांबला!" सवय अशी चिवट होती. मग नियम केला: दारात खाली बघायचं नाही, पुढच्याच्या पाठीकडे बघायचं. त्याचं पाऊल सुटलं की त्याच जागी आपलं. बेस बाहेर पडल्यावर बघायचा. तो कुठे जात नाही, शंभर माणसं त्याच्याकडेच निघालेली असतात.

तिसऱ्या वर्षी माझी जागा नवी होती. आधीची मागायची नाही, हे आधीच ठरवून गेलो होतो, आणि तूही मागू नकोस. "मागच्या वेळची माझी जागा परत द्या" म्हणणारा माणूस कॅप्टनला नको असतो, कारण तो मागच्या वर्षीची उडी पूर्ण करायला आलेला असतो. पत्रात सरळ लिही: मागच्या वेळी मी उशिरा पोचत होते, कारण हे सापडलं, त्यावर हे केलं, कुठेही बसवा. तुला काढलं ते योग्य होतं की नाही यावर एक ओळही लिहू नकोस. चार दिवसांत शंभर जणांचं गणित जुळवणाऱ्या माणसाकडे तुझ्याशी वैर करायला वेळ नसतो.

आता घरच्यांचं. आपल्याकडे विक्रम म्हटला की डोळ्यांपुढे एकटं माणूस येतं. शीतल महाजन यांचं नाव तुझ्या घरीही निघालं असेल. २००४ साली उत्तर ध्रुवावर आयुष्यातली पहिलीच उडी मारणारी पुण्याची मुलगी, पुढे पद्मश्री. तिथे उडी झाली की झाली. आपला प्रकार वेगळा आहे. कोण कुठे, कुणाचा हात कुणाच्या कुठल्या पकडीवर, हा नकाशा आधी परीक्षकांकडे द्यावा लागतो, आणि फोटोत एका क्षणी सगळेच्या सगळे तसेच दिसले पाहिजेत. ९९ जण बरोबर आणि एक जण हातभर बाहेर, तर विक्रम नाही. म्हणून बहुतेक उड्या फसतातच, ते या खेळात धरूनच चाललेलं असतं. २०१५ मध्ये शिकागोजवळ ओटावा इथे १६४ जणांनी डोकं खाली करून उभी रचना केली, ती तेराव्या प्रयत्नात. आधीचा आकडा तिथलाच, २०१२ चा, १३८. बायकांचा विक्रम बघ: २००२ मध्ये १३१, २००५ मध्ये १५१, २००९ मध्ये कॅलिफोर्नियात पेरिस इथे १८१. सगळ्यांत मोठी रचना ४०० जणांची, ८ फेब्रुवारी २००६, थायलंडमध्ये उदोन थानी. पाच सी-१३० ही लष्करी मालवाहू विमानं लागली, आणि रचना टिकली ४.२५ सेकंद. दोनच वर्षं आधी त्याच देशात ३५७ झाले होते. आई-वडिलांना हे आकडे दाखव. माझ्या वडिलांना दाखवले तेव्हा म्हणाले, "सव्वाचार सेकंद? एवढ्यासाठी?" त्यामुळे पटतीलच अशी हमी देत नाही.

उंचीची तयारी हलक्यात घेऊ नकोस. एवढ्या लोकांना जमायला वेळ हवा म्हणून उडी १८,००० फुटांच्या आसपासची असते. तिथे हवेचा दाब जमिनीवरच्या निम्मा. बेळगाव अडीच हजार फुटांवर आहे म्हणून आपल्याला सवय आहे, असं मला एकाने गंभीरपणे सांगितलं होतं. त्याचा काहीही उपयोग नाही. विमानात ऑक्सिजनची नळी दिली की लगेच लावायची आणि सांगितल्याशिवाय काढायची नाही. प्राणवायू कमी पडला की त्रास होत नाही, उलट छान वाटतं, आणि तीच पंचाईत. मी एकदा बोलण्याच्या नादात नळी बाजूला केली, आणि दारापाशी गेल्यावर माझा सेक्टर कुठला हे आठवेना. शिवाय विरळ हवेत आपण जास्त वेगाने पडतो. नेहमीच्या उंचीवर थांबायला जेवढं अंतर लागतं त्यापेक्षा वर जास्त लागतं, म्हणजे ब्रेक थोडा आधी. थंडीही असते: दर हजार फुटांना साधारण दोन अंश कमी. हातमोजे असे निवड की त्यातून पकडही कळेल आणि छत्रीचं हँडलही. दिवसाला तीन-चार अशा उड्या, मध्ये तासन् तास ऊन आणि वाट बघणं. मी आधीचे तीन महिने दर रविवारी राजहंसगड चढायचो. त्याने उडी सुधारत नाही, चौथ्या दिवशी चिडचिड कमी होते.

एक गोष्ट मात्र रागावून सांगतो. परत आलेल्या माणसाला "या वेळी तरी" हे भूत लागतं. जागा हातभर अंतरावर आहे, सुटायची उंची आलीय, आणि तो आणखी एक सेकंद घेतो. मोठ्या रचनेत बाहेरची कडी आधी सुटते, सात हजार फुटांच्या आसपास, मग एकेक लाट आत. बाहेरच्या एकाने सेकंद चोरला तर तो आतून येणाऱ्या लाटेच्या वाटेत असतो, आणि तिथे शंभर छत्र्या उघडायच्या असतात. तुझी उंची आली की पकड मिळालेली असो वा नसो, वळायचं आणि लांब जायचं. मोडलेल्या प्रयत्नात सुद्धा. मोडलेल्या प्रयत्नात तर जास्तच, कारण तेव्हा सगळे चिडलेले असतात.

बारीकसारीक: राखीव छत्रीच्या घडीची तारीख तिथल्या नियमात बसते का ते आत्ताच बघ, आदल्या आठवड्यात नको. छत्री विमानात हातातल्या सामानात ने, आणि आपोआप छत्री उघडणाऱ्या यंत्राचं एक्स-रेचं कार्ड वरच्या खिशात ठेव. एका विमानतळावर मला संपूर्ण छत्री उघडून दाखवायला सांगत होते. कार्ड होतं म्हणून वाचलो.

तिसऱ्या वर्षी काय झालं ते तू विचारणारच. माझी जागा सगळ्या उड्यांत वेळेत भरली. विक्रम शेवटून दुसऱ्या उडीत झाला. फोटो ऑफिसात लावलाय. येणारा प्रत्येक जण विचारतो, यातले तुम्ही कुठले, म्हणून बायकोने काचेवर स्केचपेनने गोल काढलाय. तो गोल माझ्या शेजारच्या माणसाभोवती आहे. मी बदलला नाही.

व्हिडिओ आले की मला पाठव. रविवारी कारखाना बंद असतो, सकाळी बसून बघतो. सुभेदारांनाही बोलावतो, त्यांची नजर अजून माझ्यापेक्षा तेज आहे. फक्त सुरुवात कापू नकोस. दार दिसलं पाहिजे.